ताई चांगल्या आहेत, पण मला जायचंय

(संगमनेर येथे कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर आपण गच्चीवर बसलो होतो. एकीने हळूच विचारलं, "मला नोकरी सोडायचीय, पण आमच्या ताईंना सांगू कसं?" त्यावर पाचसहा जणी हसल्या. ते हसणं मला ओळखीचं वाटलं. प्रत्येकीच्या पोटात तोच प्रश्न होता. म्हणून आज मला दिलेला विषय मी बाजूला ठेवते आणि याच्यावर बोलते.

वाईट मालकापासून सुटायचं कसं, याचा आपण पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यासाठी मोर्चे काढले, घोषणा दिल्या, कायद्याची पुस्तिका छापली. मारणारा नवरा, पैसे बुडवणारा मुकादम, अंगचटीला येणारा साहेब, यांना काय सांगायचं ते आपल्याला पाठ आहे. पण जिने आपल्याला उभं केलं, जिच्या स्वयंपाकघरात आपण चहा करून प्यालो, तिला "मी जाते" कसं म्हणायचं, याचं शिबिर कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

माझंच सांगते. मी टाकलेली बाई. याच संगमनेरात १९८८ साली टाकलेल्या बायकांची परिषद झाली, तेव्हा मी शाळेत होते, आणि हा शब्द कधी आपल्याला लागेल असं स्वप्नातही नव्हतं. २००४ साली पदरात चार वर्षांची मुलगी घेऊन मी एका संस्थेत आले. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. तिथल्या ताईंनी मला पहिले दोन महिने स्वतःच्या घरात ठेवलं. पोटगीची केस त्यांनीच लावली. अर्ज लिहायला, पोलीस ठाण्यात खुर्चीवर बसून बोलायला मी त्यांच्याकडूनच शिकले. त्याआधी पोलीस ठाण्यात गेले तर मी उभीच राहायचे. पुढे चौदा वर्षं शेवगाव-पाथर्डी भागात ऊसतोडीच्या बायकांमध्ये काम केलं.

२०१८ साली माझा पगार ८,००० रुपये होता. मुलगी नर्सिंगला जायचं म्हणत होती. श्रीरामपूरला मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिकेची जागा होती, पगार १५,००० आणि राहायला खोली. आता यात विचार करण्यासारखं काय आहे? पण मी पाच महिने विचार करत होते. तीनदा ताईंच्या टेबलासमोर गेले आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. एकदा तर स्टेशनरीचा हिशोब विचारून आले.

आपल्या भागात उचल काय असते ते तुम्हाला सांगायला नको. मुकादम दसऱ्याच्या आधी पैसे देतो आणि मग नवराबायकोचा कोयता पूर्ण हंगाम त्याच्याशी बांधला जातो. मधे सोडून जाता येत नाही, कारण उचल फिटलेली नसते. मी बायकांना वर्षानुवर्षं सांगत आले, उचलीचा हिशोब वहीत मांडा, किती घेतले, किती फिटले. आणि माझ्या डोक्यावर उपकाराची उचल होती, तिचा हिशोब मी कधी मांडलाच नाही. मी गृहीत धरलं होतं की ती जन्मात फिटणार नाही. ताईंनी असं कधी म्हटलं नव्हतं, हे मात्र मला इथे सांगितलंच पाहिजे. मीच म्हणत होते.

दुसरी गोष्ट, आपण संस्थेला माहेर म्हणतो. शब्द गोड आहे, आणि आमच्यासारख्या बायकांना खरं माहेर दार लावून घेतं, तेव्हा संस्थाच माहेर होते, हेही खरं. पण माहेरी कुणी हजेरीपट ठेवत नाही, रजा मांडत नाही, भविष्य निर्वाह निधी कापत नाही. माहेर म्हटलं की पगार मागायची लाज वाटते आणि सोडून जायची तर त्याहून जास्त. शिवाय माहेराहून निघताना लेकीची ओटी भरतात. टाकलेल्या बाईची, विधवेची ओटी कोण भरतं? म्हणजे ज्या शब्दाने आपल्याला बांधलं, त्याच शब्दात आपल्याला मानाने निरोप द्यायची सोय नाही. मला हा शब्द आता फार जपून वापरावासा वाटतो.

आता नगरचीच एक जुनी गोष्ट. (अहिल्यानगर म्हणायचं, २०२४ पासून सरकारी नाव तेच आहे, पण तोंडात नगर येतं त्याला काय करावं.) रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. तिथे शिकवलं, लिहिलं, १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचं संपादन केलं. डॉ. ह्यूम यांच्यासारखी मिशनमधली माणसं त्यांच्या जिव्हाळ्याची होती. तरी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. कुणी छळलं म्हणून नव्हे. इथल्या ख्रिस्ती माणसाने परदेशी मिशनच्या हाताखाली, त्यांच्या पैशावर किती दिवस राहायचं, हा त्यांचा प्रश्न होता. संन्यासी वृत्तीने राहायचं ठरवून ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' उभा करायच्या मागे लागले. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की नोकरी सोडली तरी 'ज्ञानोदया'चं काम त्यांच्याकडे शेवटपर्यंत, म्हणजे १९१९ साली ते वारले तोपर्यंत, राहिलं. म्हणजे नोकरी सुटली, पण संबंध तुटला नाही. मालक आवडता असूनही त्याच्याशी असलेलं नातं चुकीचं वाटू शकतं, आणि ते तोंडावर सांगूनही माणसं एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात.

पण आपण बायका आहोत, तेव्हा गोष्ट इथे थांबवता येणार नाही. पुरुष संन्यास घेतो तेव्हा त्याच्या राजीनाम्यात चुलीचाही राजीनामा असतो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तुम्ही वाचली नसतील तर वाचा. टिळकांच्या पश्चात त्या मुंबईला मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होत्या, पुढे कराचीला गेल्या. मी अधीक्षिकेची नोकरी धरली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर वाचलं आणि उगाच धीर आला. आपल्यातल्या बहुतेकींना नोकरी सोडायची ती ध्येयासाठी नाही, चुलीसाठीच सोडायची असते. पाठ दुखते म्हणून, मुलीची फी भरायची म्हणून, रोज दोन एस.टी. बदलून जीव जातो म्हणून. चळवळीत या कारणांची लाज वाटते. "पैशासाठी गेली" हे आपल्याकडे जवळजवळ शिवीसारखं वापरतात. मीही वापरलं आहे, माझ्या आधी गेलेल्या दोघींबद्दल. त्याचं मला आज वाईट वाटतं.

मी काय चुका केल्या ते सांगते, म्हणजे तुमच्या टळतील.

पहिली चूक, मी खोटं सांगायचं ठरवलं. आई आजारी आहे, गावी जावं लागेल, असं. आई ठणठणीत होती. बरं, अशा खोट्याला उत्तर सोपं असतं: "मग महिनाभर रजा घे." चांगली बाई हेच म्हणणार! मग आपण अडकतो. दुसरी आणि मोठी चूक, ताईंना सांगण्याआधी मी एका सहकारी मैत्रिणीला सांगितलं. तिने कुणाला सांगू नकोस म्हणून दुसरीला सांगितलं. आठ दिवसांनी ताईंनीच मला बोलावलं आणि विचारलं, "मला बाहेरून का कळावं?" चौदा वर्षांत त्या माझ्यावर ओरडल्या असतील, पण तो प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला, आणि तो मला अजून टोचतो. जाणं त्यांना लागलं नव्हतं, बाहेरून कळणं लागलं होतं.

मग मी खरं सांगितलं. मुलीची फी, पगार, आणि हेही की आता एका जागी राहून काम करावंसं वाटतं. ताई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तू गेलीस तर शेवगावचं कोण बघणार?" हा प्रश्न तुम्हालाही येणार आहे. त्याचं उत्तर आपल्याकडे नसतं आणि ते देणं आपलं काम नाही. चौदा वर्षांत दुसरी बाई तयार झाली नसेल तर तो संस्थेने विचार करायचा. पण मी तेव्हा असं काही बोलले नाही. मी म्हटलं, "ताई, जी येईल तिला मी दोन महिने शिकवीन." एवढंच बोलले, आणि मला वाटतं तेवढंच बरोबर होतं. पुढे त्यांनी पगार दोन हजारांनी वाढवते म्हटलं. इथे पाय घसरतो. दोन हजारांसाठी थांबलो तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच टेबल, पुन्हा तीच स्टेशनरी.

माझं म्हणणं असं की खरं सांगावं, पण सगळं सांगायची गरज नाही. कारण एक किंवा दोन पुरे. चौदा वर्षांत काय काय खुपलं त्याची यादी निघताना वाचू नये. ज्या गोष्टी बदलाव्यात असं वाटतं त्या नोकरीत असताना बोलायच्या. निघताना बोललं की तो आहेर होतो, नको तसला.

याला अपवाद आहे. बाबासाहेबांनी १९५१ च्या सप्टेंबरमध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यात हिंदू कोड बिल रखडवलं हे एक मोठं कारण होतं, आणि त्यांनी आपली कारणं देशाला स्पष्ट सांगितली. तो प्रश्न आपल्या सगळ्या बायकांचा होता, तिथे गोड बोलून चाललं नसतं. तुम्ही जाताय त्याचं कारण तिथल्या एखाद्या माणसाचा हात असेल, तर ताई कितीही चांगल्या असल्या तरी गोड राजीनामा देऊ नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची असते. जिथे दहापेक्षा कमी माणसं कामाला आहेत तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

आता कागदाचं. तोंडी सांगितल्यावर दोनतीन दिवसांत पत्र द्या. पत्र लिहिलं म्हणजे ताईंवर अविश्वास दाखवला असं नाही. माझं पत्र असं होतं:

"मा. अध्यक्षा यांस. विषय : राजीनाम्याबाबत. महोदया, मी सन २००४ पासून आपल्या संस्थेत कार्यकर्ती म्हणून काम करीत आहे. कौटुंबिक कारणामुळे मी दिनांक अमुक पासून काम थांबवू इच्छिते. तोपर्यंत माझ्याकडील नोंदवह्या व केसेस नव्या कार्यकर्तीकडे सोपवीन. संस्थेने मला जे शिकवले त्याबद्दल मी ऋणी आहे. माझे देय पगार, भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीबाबत कार्यवाही व्हावी व अनुभवाचा दाखला मिळावा, ही विनंती. आपली विश्वासू."

दोन प्रती करायच्या आणि दुसरीवर पोच घ्यायची. शिक्का, सही, तारीख. मी पोच मागितली तेव्हा ऑफिसातला मुलगा हसला. हसू द्या.

त्या पत्रातला 'ग्रॅच्युइटी' हा शब्द मी रात्री दोनदा खोडला आणि दोनदा लिहिला. पत्र वाचून ताई म्हणाल्या, "तू माझ्याकडे हिशोब मागतेस?" त्यांना खरंच दुखलं होतं. मी काही सांगू शकले नाही, रडले. पण शब्द मागे घेतला नाही. तुमच्यातल्या पुष्कळ जणींना हे माहीत नसतं म्हणून सांगते. जिथे दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथे सलग पाच वर्षं काम केलेल्या माणसाला, स्वतःहून राजीनामा दिला तरी, ग्रॅच्युइटी मिळते. दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. १९७२ च्या कायद्यात हे होतं आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना तर आता एका वर्षानंतरही ती मिळते. माझा हिशोब : ८,००० ला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं, मग १४ ने गुणायचं. ६४,६१५ रुपये. मुलीच्या नर्सिंगची पहिली फी त्यातून निघणार होती. आम्ही त्याला कधी पगार म्हटलं नव्हतं, मानधन म्हणायचो. मानधन म्हटलं की हक्क नाही, असं सगळे धरून चालतात. अंगणवाडीच्या बायकांचंही असंच होतं. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो. तेव्हा शब्दाला घाबरू नका.

वीस किंवा जास्त माणसं असतील तर भविष्य निर्वाह निधीही असायला हवा. तुमचा यूएएन नंबर स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा, तो फक्त ऑफिसच्या कपाटात राहू देऊ नका. आणि आताच्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत द्यायचा असतो.

ताईंनी तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. चौथ्या दिवशी विश्वस्तांची बैठक लावली. संस्थेने असा विचारच कधी केला नव्हता, तरतूद नव्हती. पैसे दोन हप्त्यांत मिळाले, दुसरा हप्ता उशिरा. पण माझ्यानंतर तिथे दरवर्षी त्यासाठी रक्कम बाजूला ठेवतात, हे मला तिथल्याच एकीने सांगितलं. मी मागितलं नसतं तर ठेवली नसती. म्हणजे उपकाराची उचल थोडी फिटली म्हणायची का? मला नाही सांगता येत.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तिथल्या गावच्या आरोग्यसेविका जगभर माहीत झाल्या. त्या बाईने नुसतं संस्थेवर अवलंबून राहू नये, स्वतःचा काही जोडधंदा करावा, यावर तिथे भर होता. जिच्या घरी स्वतःच्या कमाईच्या चार शेळ्या आहेत ती डॉक्टरांवर माया करते ती मोकळेपणाने. आपल्या संस्थांमधल्या ताईंनी हे मनावर घ्यावं. इथे तिघीचौघी ताई बसल्या आहेत, त्यांनाही मी हे ऐकवते आहे.

राहिलं सोपवणं. मला विचाराल तर निरोप नीट झाला की नाही हे यावरून ठरतं. सत्काराच्या शालीवरून नाही. आमच्या भागात दिवाळीच्या आसपास बाया तोडीला निघायच्या आधी आणि मार्च-एप्रिलला परत आल्यावर केसेसची गर्दी असते. म्हणून मी जून धरला. तारखांची वही वेगळी केली, कुणाची पोटगीची तारीख कधी, कुणाचा वॉरंट बजावायचा राहिलाय. किल्ल्या, पावतीपुस्तकं, बचतगटांच्या वह्या सही घेऊन दिल्या. फाईल एकही घरी नेली नाही, झेरॉक्ससुद्धा नाही, कारण त्यात बायकांची गुपितं असतात आणि ती त्यांची आहेत. नव्या मुलीला घेऊन मी एकेका बाईच्या घरी गेले. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर एक बाई नव्या मुलीकडे बघेचना. म्हणाली, "मला तुम्हीच पायजे." कुणाला बरं वाटणार नाही? पण ते सुख घ्यायचं नाही. मी त्या मुलीला म्हटलं, "तू बस, मी बाहेर विहिरीवर थांबते." अर्ध्या तासाने दोघी चहा घेऊन बाहेर आल्या.

नंतर सहा महिने फोन येत राहिले. प्रत्येक फोनला मी एकच सांगायची, ताईंना विचार, नव्या मुलीला विचार. ताईंच्या पाठीमागे मी तिथला कारभार ऐकूनही घेत नव्हते. हे मला जड गेलं, नोकरी सोडण्यापेक्षा जड.

शेवटच्या दिवशी ताईंनी साडी दिली नाही, नारळ दिला नाही. त्यांनी मला त्यांचा जुना टाईपरायटर दिला. त्याच्यावर आम्ही माझी पोटगीची केस टाईप केली होती. 'र' चं बटण तेव्हाही अडकायचं, आताही अडकतं. वसतिगृहातल्या मुली त्याच्यावर खेळतात. मागच्या महिन्यात ताई श्रीरामपूरला आल्या होत्या, माझ्या खोलीवर मुक्काम केला. सकाळी जाताना विचारत होत्या, त्यांच्या संस्थेतली एक मुलगी हल्ली सारखी त्यांच्या टेबलासमोर येते आणि काहीतरी भलतंच विचारून परत जाते, तिला काय झालं असेल.